कापसाचा ओलावा मोजता, सरपणाचा कोण मोजणार?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सरकारी खरेदी केंद्रावर कापसाची गाडी लागली की ग्रेडर आधी मीटर खुपसतो. ८ टक्के ओलाव्यापर्यंत पुरा भाव, त्यावर कपात, १२ टक्क्यांच्या वर गाडी परत. ठीक आहे, पाण्याला भाव नको. पण तोच शेतकरी परतताना आरा मशीनवरून दोन क्विंटल साली-ढलप्या घेतो, तेव्हा मीटर कुठे जातो? ताज्या तोडीच्या लाकडात वजनाचा तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी असतं. म्हणजे ७० किलो ते क्विंटलभर पाणी आपण रोख पैसे मोजून घरी आणतो.

मी कृषीचा पदवीधर, पण हे मला पुस्तकात नाही, घरात कळलं. एका हिवाळ्यात ओल्या ढलप्यांची गाडीच रिकामी करून घेतली. महिनाभर बंब धुमसला, पाणी कोमट, आणि घरच्या बाईचा खोकला जाईना.

हिशेब साधा आहे. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण ५४० किलोकॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत सहा लिटर गार पाणी उकळीला येतं. ती उष्णता लाकडातलं पाणी खातं, जाळ थंड पडतो, आणि न जळलेला भाग धूर होऊन बायकांच्या डोळ्यांत-छातीत जातो.

म्हणून खरेदी माघ-फाल्गुनात करा, जाळा पावसाळ्यानंतर. शक्यतो किलोवर नको, ढिगावर सौदा करा. जाड काप कुऱ्हाडीनं फोडा. सालीआडचं पाणी लवकर निघत नाही. खाली विटा किंवा दगड ठेवून आडवी-उभी रचा, मधून वारा गेला पाहिजे. वरून पत्रा टाका, बाजू मोकळ्या ठेवा. ताडपत्रीत गुंडाळली की आत बुरशी धरते. घराच्या भिंतीला टेकवू नका, वाळवी येते. वाळलं की नाही कसं ओळखायचं? एक काप बाजूला ठेवा, दर आठवड्याला काट्यावर घाला. वजन उतरायचं थांबलं की झालं. दोन काप एकमेकांवर आपटले तर ओल्याचा आवाज बद, वाळल्याचा टणक येतो.

कोणी म्हणेल, पऱ्हाटी फुकट असताना हे कशाला? फुकट कसली! न उमललेल्या बोंडांसकट धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी सुखानं पडून राहते. २०१७ चा हंगाम आठवा. पऱ्हाटी जाळायचीच असेल तर उन्हाळ्यातच संपवा, जूनपर्यंत गंजी ठेवू नका.

आणखी एक. आरा मशीनशेजारी सुताराचं दुकान असतं. तिथले प्लायवूडचे तुकडे, रंगवलेल्या किंवा औषध लावलेल्या फळ्या फुकट मिळाल्या तरी चुलीत घालू नका. धूर विषारी, राखही शेतात टाकायच्या लायकीची नाही. साध्या लाकडाची राख चालते, तीही पातळ पसरून. आपल्या काळ्या जमिनीत चुना आधीच भरपूर आहे.