न दुखणारे दुखणे आणि कामगार चळवळ

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचा विषय निघाला की चर्चा होते ती धुराची, सांडपाण्याची आणि स्फोटांची. ती व्हायलाच हवी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचे मोजमाप केले, तेव्हा तारापूरचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९ भरला, देशात तो सर्वाधिक होता. परंतु याच वसाहतीत राबणाऱ्या माणसाच्या शरीरात आणखी एक संकट मुकाट्याने वाढत असते. उच्च रक्तदाब आणि मधुमेह ही त्याची नावे. ती दुखत नाहीत, म्हणून त्यांची तक्रार कोणी करीत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि ३१ कोटी ५० लाखांना उच्च रक्तदाब आहे. हे श्रीमंतांचे आजार, असे अजूनही मानले जाते. पण एवढे श्रीमंत या देशात आहेतच कोठे?

पालघर जिल्ह्याला तर या प्रश्नाची दुसरी बाजूही ठाऊक असली पाहिजे. १९९२-९३ साली, हा भाग ठाणे जिल्ह्यात असताना, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली आणि महाराष्ट्र हादरला. त्याच सुमारास, १९९३ साली, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती मातांचा अभ्यास हाती घेतला. त्यांना आढळले की, आपल्याकडची कमी वजनाची बालके दिसायला किरकोळ असली तरी त्यांच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी अधिक असते. गर्भात उपासमार सोसलेल्या शरीराला पुढे मधुमेहाचा धोका वाढतो, असे आज शास्त्र मानते. म्हणजे पाड्यावरची भूक आणि कारखान्यातला मधुमेह हे दोन वेगळे प्रश्न नव्हेत. कुपोषणातून वाचलेली पिढी आज तिशी ओलांडून रोजगाराच्या वयात उभी आहे.

या पिढीच्या ताटातून नागली आणि वरई मागे सरली, तांदळाचा वाटा वाढला. रातपाळीने झोप मोडली. जागे राहण्यासाठी तंबाखू तोंडात आली. खारवलेली सुकी मासळी, लोणचे आणि गाडीवरचा वडा यांतून पोटात जाणारे मीठ कोणी मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमची, म्हणजे जेमतेम एका चहाच्या चमच्याची आहे. बारा तास उभे राहून आलेल्या माणसाला पहाटे फिरायला जाण्याचा सल्ला देणे, ही त्याची थट्टाच होय.

तरीही पुष्कळ काही हाती आहे. रक्तदाब मोजायला दोन-चार मिनिटे लागतात. तो पुनःपुन्हा १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, अथवा उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ वा त्यापुढे गेली, तर डॉक्टर गाठलाच पाहिजे. तीस वर्षांपुढील प्रत्येकाची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य करण्याचे धोरण आहे. गोळ्या स्वस्त आहेत. मात्र बरे वाटले म्हणून त्या परस्पर सोडता येत नाहीत. दुर्लक्षाची किंमत अर्धांगाने किंवा मूत्रपिंडाने मोजावी लागते. मग आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास, डायलिसिसला जायचे आणि रोजंदारी टिकवायची, हे जमायचे कसे?

येथे मूळ प्रश्न येतो. कामगार तपासणीला का कचरतो? आजार कळला तर मुकादम उद्यापासून कामावर घेणार नाही, ही त्याची धास्ती असते. कंत्राटी कामगाराची ती अनाठायी नाही. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याच्या प्रक्रियांतील कामगारांची वर्षातून एकदा तरी वैद्यकीय तपासणी बंधनकारक झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतही चाळिशीपुढील कामगारांना वार्षिक मोफत तपासणीचे आश्वासन आहे. पण ज्या तपासणीने भाकरी जाण्याची भीती वाटते, ती तपासणी माणूस चुकवणारच. आरोग्याच्या हक्काला कामाच्या हमीची जोड नसेल, तर कायदा कागदावर राहतो.

म्हणून संघटनांनी करारात चार कलमे आग्रहाने घालावीत: तपासणीचा अहवाल प्रथम कामगाराच्या हाती पडावा, रक्तदाब वा मधुमेह निघाला म्हणून कोणालाही कमी करू नये, गरज पडल्यास रातपाळीतून सूट द्यावी, आणि कंत्राटी कामगारांना हेच नियम लागू असावेत. शासनाकडे मागणी करावी ती पाळी सुटल्यावरही उघड्या राहणाऱ्या दवाखान्यांची आणि रेशनवर नागलीची. संघटनेच्या प्रत्येक कार्यालयात रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि एक नोंदवही ठेवायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आधी वेतन, मग आरोग्य, असे काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, दीर्घ वाटाघाटींतून मिळवलेली वेतनवाढ अर्धांगाच्या एका झटक्यात घरातून निघून जाते. वेतनाच्या लढ्यातलेच हे एक कलम आहे, आणि ते आजवर लिहायचे राहून गेले आहे.