रेवसच्या होड्या

(व्याख्यानाचा संपादित अंश)



आग लागल्यावर धावून जाणे हा मनुष्याचा स्वभाव आहे. कोणी काय घेऊन धावायचे हे आग लागण्यापूर्वीच ठरविणे, हे संघटनेचे काम. १७३६ साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन यांनी नागरिकांचे स्वयंसेवी अग्निशमन मंडळ उभारले, तेव्हा प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि सामान वाचविण्याच्या पिशव्या स्वतः सज्ज ठेवाव्यात, असा नियमच होता. रायगडच्या किनाऱ्यावर असा लेखी नियम नव्हता. धावणारे मात्र होते.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आलेले. आषाढी अमावास्येच्या त्या सकाळी 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. कोकणचा माणूस आपुलकीने जिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत असे, त्या स्वदेशी कंपनीची ही बोट. सणासाठी गावी निघालेले चाकरमानी, बायकामुले यांनी ती भरलेली होती. काश्याच्या खडकाजवळ समुद्र खवळला, भयभीत उतारू एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. गिरणगावातल्या चाळींत आणि अलिबागच्या वाड्यांत एकाच वेळी आकांत उसळला.

बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. मुंबई इतकी जवळ, पण त्या महानगराला कित्येक तास काहीच कळले नाही. वाचलेली माणसे लाटांशी झुंजत किनाऱ्याला लागली, तेव्हा बातमी फुटली. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळी बांधवांना मात्र बुडणारी माणसे दिसली. त्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात लोटून दिली आणि माणसे आत ओढली, असे सांगतात. पाऊणशेच्या आसपास जीव त्यांनी वाचविले. पावसाळ्याच्या ऐन दिवसांतली ती मासळी म्हणजे घरची चूल होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय या कृतीचे मोल कळणार नाही. त्यांना कोणाचा आदेश नव्हता, गणवेश नव्हता.

या शौर्याचे गुणगान करून थांबणे सोपे आहे. पण सहाशेंचे काय? ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी याच कोकण किनाऱ्यावर एकाच दिवशी बुडाल्या होत्या. त्यानंतरच्या वीस वर्षांत समाजाने काय सिद्धता केली? १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतल्या स्फोटात ६६ अग्निशामक जवानांनी प्राण दिले. त्या शहराकडे निदान प्रशिक्षित दल होते. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात गृहरक्षक दलही स्थापन झाले. खाडीपलीकडच्या किनाऱ्याजवळ होते ते केवळ कोळ्यांचे वल्हे आणि त्यांचे धैर्य. संदेश कोणी द्यायचा, किती होड्या कुठून सोडायच्या, हे ठरविणारी व्यवस्थाच नव्हती.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावर आदळले. वीज गेली, दूरध्वनी मुके झाले, नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. आडव्या झाडांनी अडविलेले रस्ते पुष्कळ ठिकाणी प्रथम मोकळे केले ते गावकऱ्यांनीच, घरातल्या कोयत्या-कुऱ्हाडींनी. करवत कोणाकडे, दोर कोणाकडे, आजारी म्हातारी माणसे कोणत्या घरात, याची यादी किती गावांत आधीपासून तयार होती?