नोकरीतील ताण आणि समाजसेवेचे दोन तास

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



पन्नास वर्षे हा कोणत्याही सार्वजनिक संस्थेच्या दृष्टीने मोठा टप्पा असतो. ज्यांनी आपली दुकाने, पेढ्या आणि नोकऱ्या सांभाळून ही संस्था उभी केली, त्या ज्येष्ठांना प्रथम वंदन करतो. संयोजकांनी मला 'नोकरदारांचे स्वास्थ्य आणि समाजकार्यातील त्यांचा सहभाग' हा विषय दिला. वरवर पाहता हे दोन वेगळे विषय वाटतात. परंतु ते एकाच घरात राहतात. दिवसभर कामाने पिळून निघालेला मुलगा किंवा सून रात्री नऊ वाजता घरी येते, आणि त्याच घरातील वडीलधारी मंडळी संस्थेच्या बैठकीत विचारतात, ''तरुण मंडळी कामाला का येत नाहीत?'' या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आपल्या घरातच, जेवणाच्या ताटावर पेंगत बसलेले असते.

ताणाचे स्वरूप

काम केल्याने माणूस थकतो यात नवे काही नाही. शेतकरी थकतो, हमाल थकतो, गृहिणी थकते. नवे आहे ते हे की, रात्रभर झोप होऊनही न जाणारा एक थकवा आज कार्यालयांतून दिसू लागला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या अवस्थेची नोंद केली. तिला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून निर्माण होणारी अवस्था असे म्हटले आहे. तिची लक्षणे तीन. शक्ती संपून गेल्याची भावना, कामाविषयी मनात येणारा दुरावा वा कडवटपणा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. आपल्या परिचयातील तरुणांचे चेहरे डोळ्यांसमोर आणा. ही तिन्ही लक्षणे आपल्याला कुठे ना कुठे भेटतील.

हा केवळ मनाचा खेळ नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तपुरवठा कमी पडून होणाऱ्या हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असल्याचा त्यांचा अंदाज आहे. २०१६ या एका वर्षात दीर्घ कामाच्या तासांशी निगडित मृत्यूंची संख्या त्यांनी ७ लाख ४५ हजार इतकी मांडली. नैराश्य आणि चिंताविकार यांमुळे जगभरात दरवर्षी १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात, असा या दोन संघटनांचा आणखी एक अंदाज २०२२ साली पुढे आला. आपल्या देशात २०२३ च्या अखेरीस आठवड्याला ७० तास काम करावे की नाही यावर मोठी चर्चा रंगली, तेव्हा हे आकडे फार थोड्यांनी समोर ठेवले.

विश्रांतीचा हक्क आणि सेवेची परंपरा

या प्रश्नाकडे पाहताना आपल्याच भूमीतील दोन थोर माणसांचे स्मरण उपयोगी पडेल.

पहिले नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली. गिरण्यांतील कामगार तेव्हा सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत, आणि त्यांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. दीर्घ प्रयत्नांनंतर १८९० च्या जून महिन्यात गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण ज्या रविवारी संस्थेची सभा घेतो, रक्तदान शिबिर भरवतो, तो रविवार असा मिळालेला आहे. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करीत असतानाच लोखंडे यांना मृत्यू आला. ज्याने श्रमिकांसाठी विश्रांती मागितली, त्यानेच स्वतःचे प्राण सेवेत वेचले. विश्रांती आणि सेवा यांत वैर नाही, हे सांगायला याहून मोठे उदाहरण कोणते हवे?

दुसरे कर्मवीर भाऊराव पाटील. कुंभोजच्या मातीत वाढलेल्या या सुपुत्राचा आपल्या समाजाला सार्थ अभिमान आहे. परंतु त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट आपण विसरतो. ते काही काळ नोकरदार होते. ओगले यांच्या काच कारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने ते गावोगाव फिरले. त्या फिरतीत त्यांनी बहुजनांच्या मुलांचे अज्ञान आणि दारिद्र्य जवळून पाहिले, आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. नोकरीने त्यांना समाज दाखवला. आज वातानुकूलित इमारतीत बसून पडद्यावर काम करणाऱ्या आपल्या मुलांना नोकरी समाज दाखवत नाही. आपल्या कामाचा उपयोग कोणाला होतो, हे त्यांना वर्षानुवर्षे दिसत नाही. थकव्याचे एक मूळ येथे आहे असे मला वाटते.

संशोधन काय सांगते

ताणावर उपाय म्हणून अनेक कंपन्या योगवर्ग, ध्यानाची शिबिरे, ताण-व्यवस्थापनाची व्याख्याने, मोबाईलवरील स्वास्थ्याची साधने असे उपक्रम चालवतात. यांचा कितपत उपयोग होतो, हे ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी तपासले. ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६ हजार ३३६ कर्मचाऱ्यांची माहिती त्यांनी अभ्यासली आणि २०२४ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशा उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या स्वास्थ्यात जवळजवळ काहीही फरक आढळला नाही. अपवाद होता तो एकाच गोष्टीचा. ती म्हणजे समाजासाठी स्वेच्छेने केलेले काम.

हे ऐकून आपल्याला आनंद होईल; मलाही झाला. परंतु येथे सावधपणा हवा. हा अभ्यास एका वेळची स्थिती दाखवतो. सेवेमुळे माणसे प्रसन्न झाली की मुळात प्रसन्न असलेली माणसेच सेवेकडे वळली, याचा निवाडा त्यातून होत नाही. शिवाय दिसलेला फरकही लहान आहे. फ्लेमिंग यांचा भर कामाच्या परिस्थितीवरच आहे. वेळापत्रक, वेतन, कामाचा बोजा, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी सुधारल्याशिवाय कर्मचाऱ्याला 'तू मनाने खंबीर हो' असे सांगणे निष्फळ ठरते.

म्हणून आज मला स्पष्टपणे एक गोष्ट सांगायची आहे. समाजसेवा हे वाईट नोकरीवरचे औषध नव्हे. बारा तास राबवून घेऊन शनिवारी कर्मचाऱ्यांना टोप्या-टीशर्ट घालून झाडे लावायला नेणे, छायाचित्रे काढणे आणि त्याला स्वास्थ्य-उपक्रम म्हणणे, ही सेवा नव्हे. तो आणखी एक कामाचा दिवस झाला.

मालक म्हणून आपले कर्तव्य

बंधु-भगिनींनो, या सभागृहात नोकरदारांचे आई-वडील आहेत, तसेच नोकर ठेवणारेही आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या पेढ्या, दुकाने, कारखाने, सनदी लेखापालांची कार्यालये आहेत. मोठ्या कंपन्यांना नावे ठेवणे सोपे. आपल्या गल्ल्याभोवती पाहणे अवघड.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांतील एक 'अतिभारारोपण' आहे, म्हणजे पेलवेल त्याहून अधिक भार लादणे. आपण त्याचा अर्थ बैलगाडीपुरता ठेवला. मार्चअखेर आपल्या कार्यालयात मध्यरात्रीपर्यंत बसणारा हिशेबनीस, सणासुदीच्या दिवसांत सकाळपासून रात्रीपर्यंत पायांवर उभी असलेली कापड दुकानातील मुलगी, यांच्या खांद्यावरचा भार आपल्या व्रताच्या कक्षेत येतो की नाही? केरळ राज्याने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणारी तरतूद कायद्यात केली. केरळात त्यासाठी विक्रेत्या स्त्रियांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. एक स्टूल देण्यासाठी आपण कायद्याची वाट पाहावी काय? जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्यात १९१२ सालीच आठ तासांचा दिवस सुरू झाला; सक्ती करणारा कायदा तेव्हा देशात नव्हता. चांगला मालक कायद्याच्या आधी चालतो.

सेवा कशी असावी

आता सेवेकडे वळू. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, १ एप्रिल २०१४ पासून, ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करण्याची तरतूद लागू झाली. कर्मचाऱ्यांना अशा कार्यात सहभागी करून घेण्यास शासनाने उत्तेजन दिले. मात्र त्यांनी विनामूल्य दिलेल्या सेवेची पैशांत किंमत करून ती या खर्चात धरता येणार नाही, असेही स्पष्ट केले. हे योग्यच झाले. दिलेल्या वेळेचे मोल रुपयांत मांडू लागलो की सेवेचा व्यवहार होतो.

आपल्या परंपरेने 'वैयावृत्त्य' म्हणजे सेवा ही बाह्य तपात गणली नाही. विनय आणि स्वाध्याय यांच्या बरोबरीने ती आभ्यंतर तपात ठेवली. मूळ अर्थाने ती साधुजनांची, आजारी आणि वृद्ध तपस्व्यांची सेवा. तिचे स्थान आभ्यंतर तपात, याचा मला लागलेला अर्थ असा की, तिची खरी कसोटी करणाऱ्याच्या अंतःकरणात आहे, मंडपात नाही. त्यामुळे सेवेत तीन गोष्टी जपाव्यात असे मला सुचवावेसे वाटते.

पहिली, स्वेच्छा. 'नाही' म्हणण्याची मोकळीक नसेल तर ती वेठबिगार होते. दुसरी, सातत्य. वर्षातून एकदा वाजतगाजत केलेल्या कामापेक्षा महिन्यातून दोनदा शांतपणे दिलेले दोन तास अधिक मोलाचे, कारण त्यातून ओळख निर्माण होते. वसतिगृहातील मुलगा 'दादा, पुढच्या रविवारी येणार ना?' असे विचारतो तेव्हा त्या तरुणाला, आपली कोणीतरी वाट पाहते आहे, हे जाणवते. तिसरी, कौशल्याचा योग्य उपयोग. सनदी लेखापालाकडून चटया उचलून घेण्यात गैर काही नाही. पण महिला बचत गटाला हिशेबाची वही लिहायला त्याने शिकवले तर वर्षभराचा प्रश्न सुटतो. अभियंत्याने दहावीच्या मुलांना गणित शिकवावे, बँकेतील भगिनीने ज्येष्ठांना अर्ज भरून द्यावेत आणि मोबाईलवरील फसवणुकीपासून सावध करावे, ज्याचा उच्चार स्वच्छ आहे त्याने अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करावीत. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. असे काम केवळ देणग्यांवर चालत नाही. वर्षानुवर्षे वेळ देणारी माणसे त्याच्या मागे असावी लागतात.

संस्थेला विनंती

शेवटी, सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या संस्थेने काही छोटे निर्णय घ्यावेत, अशी नम्र सूचना करतो. तरुणांकडून 'सगळा वेळ' मागू नका. दोन तासांची, स्पष्ट आणि पुरी होणारी कामे त्यांच्यापुढे ठेवा. कामांची यादी फलकावर लावा आणि ज्याला जे झेपेल ते त्याला निवडू द्या. बैठका वेळेवर सुरू करा आणि वेळेवर संपवा. रात्री उशिरा दूरध्वनी करून कामे सांगू नका. कार्यालयातील वरिष्ठ करतात तेच आपण केले, तर तरुणांनी इकडे का यावे? परीक्षेच्या, आजारपणाच्या वा बाळंतपणाच्या काळात कोणी थांबले तर त्याला बोल लावू नका. परतीचे दार उघडे ठेवा. आणि केवळ खुर्च्या मांडण्यापुरते न बोलावता विश्वस्त मंडळाच्या निर्णयातही त्यांना स्थान द्या.

आपल्यातील कोणी मनाने फार खचलेला दिसला, तर 'देवळात जा, सेवा कर, बरे वाटेल' एवढ्यावर त्याची बोळवण करू नका. त्याच्याजवळ बसा, ऐका आणि वैद्यकीय सल्ल्यासाठी त्याचा हात धरून न्या. शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवावा. मनाच्या आजाराची लाज बाळगण्याचे कारण नाही.

पन्नास वर्षांपूर्वीच्या कार्यकर्त्यांजवळ पैसा कमी होता, पण संध्याकाळ त्यांची स्वतःची होती. आजच्या पिढीजवळ पैसा आहे, संध्याकाळ नाही. ती संध्याकाळ तिला परत मिळवून देणे हे मालक म्हणून, पालक म्हणून आणि संस्था म्हणून आपले काम आहे. ती मिळाली की त्यातील दोन तास समाजासाठी मागण्याचा अधिकार आपल्याला राहील, आणि ते तास आनंदाने मिळतील, असा मला विश्वास वाटतो.



जय जिनेंद्र!