दोन सेंटिमीटर उंचीवरून



मॉडेल रेल्वेचा मोठा देखावा समोर आला की पहिले प्रश्न ठरलेले असतात: किती वर्षं लागली, खर्च किती आला, गाड्या किती? त्यातलं कौतुक खरं असतं, पण ते कष्टांचं असतं. देखावा म्हणून तो कसा साधला आहे, हा प्रश्न तसाच राहतो. माझं म्हणणं असं, की त्या प्रश्नाचं सर्वांत कठोर आणि सर्वांत न्याय्य उत्तर कॅमेरा देतो. हौशी मंडळी एकमेकांच्या लेआउटचे, म्हणजे अशा देखाव्यांचे, फोटो तासन्‌तास न्याहाळतात, त्यावर दाद देतात, वाद घालतात. बाहेरच्याला ही मिरवामिरवी वाटते. मला त्यात समीक्षा दिसते.

थोडा हिशेब मांडू. जगभर सर्वाधिक चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, अर्थात 1:87. त्यात दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर भरतं आणि पावणेदोन मीटर उंचीचा माणूस जेमतेम 2 सेंटिमीटरचा होतो. आपण लेआउटच्या कडेला उभे राहतो तेव्हा आपले डोळे त्याच्या जमिनीपासून मीटरभर वर असतील, तर त्या जगाच्या मापाने आपण 87 मीटर उंचीवरून पाहत असतो. पंचवीस-तीस मजली इमारतीच्या गच्चीवरून कोणतंही गाव देखणंच दिसतं. आता कॅमेरा फलाटावरच्या माणसाच्या नजरेइतका खाली आणा. एक मिलिमीटरचा धुळीचा कण रुळालगत जवळपास 9 सेंटिमीटरचा धोंडा होऊन बसतो. झाडाच्या बुंध्याशी वाळलेला गोंद चकाकतो, आणि खोलीत दोन ट्यूबलाइट असतील तर एकाच सिग्नलच्या खांबाला दोन सावल्या पडतात. दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजाएवढा मावळा आपण आनंदाने चालवून घेतो. इथे तशी सवलत नाही.

कॅमेऱ्याची ही कसोटी सर्वांत आधी आणि सर्वांत नेमकी ओळखणाऱ्यांत अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातला जॉन अॅलन होता. मॉन्टरे इथल्या घरात त्याने ‘गोर अँड डॅफेटिड’ नावाची एचओ रेल्वे उभारली. तो पेशाने छायाचित्रकार होता, हा योगायोग मानू नये. इंजिनं आणि डबे कोरे करकरीत ठेवण्याच्या काळात त्याने त्यांवर गंज, काजळी आणि धूळ चढवली. त्याच्या दऱ्या थेट खोलीच्या जमिनीपर्यंत उतरत, आणि जागा अपुरी पडे तिथे तो आरसे बसवत असे. 1973च्या जानेवारीत तो गेला आणि दहाच दिवसांत आगीने त्या लेआउटच्या बहुतांश भागाची राख केली. आज जगभरचे हौशी लोक ज्याला आदर्श मानतात, तो लेआउट बहुतेकांनी फक्त फोटोंतच पाहिला आहे. फोटो दुय्यम असता, तर हे घडलंच नसतं.

यावर पहिला आक्षेप असा, की फोटो खोटं बोलतो: चौकटीबाहेरची भिंत, लाकडी फळ्या, वायरींचं जंजाळ तो लपवतो. लपवतो हे खरंच. पण चौकटीच्या आत तो काहीच सोडत नाही. इतक्या जवळून फोटो घेताना इंजिनाचं नाक स्पष्ट येतं आणि चौथा डबा धूसर होतो. त्या धूसरपणावरूनच डोळा ओळखतो की वस्तू चिमुकली आहे. म्हणून भिंगाचं छिद्र अगदी बारीक करून बराच वेळ प्रकाश आत घ्यावा लागतो. हल्ली वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेले अनेक फोटो संगणकावर एकत्र जोडतात. तंत्राने पल्ला वाढला, पण चूक झाकली गेली नाही. उलट मागचा चौथा डबाही आता लख्ख तपासला जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गाडी धावण्यासाठी असते, फोटोत ती थिजते. पुण्यात कोथरूडच्या जोशी रेल्वे म्युझियममध्ये लोक जातात ते गाड्या धावताना पाहायलाच. गतीचा आनंद फोटो देऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. पण डोळा धावत्या गाडीमागे जातो आणि तेवढ्यात डोंगराचा बेगडी उतार सुटून जातो. गाडी कशी चालते हे पाहायला गती हवीच. ती कोणत्या प्रदेशातून चालते हे तपासायला ती थांबलेली बरी. दोन्ही गुणांची कसोटी वेगळी, इतकाच याचा अर्थ.

तेव्हा दाद देताना वर्षं आणि रुपये जरा बाजूला ठेवू. वाकून, फलाटाच्या पातळीवर डोळा आणून पाहू: सावली एकच आहे का, पाणी वाहून जाईल अशा जागीच ओघळ आहे का, रूळ गंजलेला असला तरी चाकं घासतात तो माथा चकचकीत आहे का. अशा प्रश्नांतून आलेली दाद करणाऱ्याच्या खरोखर उपयोगी पडते, कारण पुढच्या वेळी काय सुधारायचं तेही तीच सांगते.