लेहला निघण्याआधी
मनालीहून मोटरसायकलनं लेहला जाणार असाल, तर वाटेतल्या टांडी गावच्या पंपावर टाकी काठोकाठ भरा. पुढे शेकडो किलोमीटर पंपाचा भरवसा नाही. म्हणून घाटातलं ॲव्हरेज घरूनच मोजून ठेवा. कंपनी सांगते ते सोडा! टायर, ब्रेक पॅड आदल्या दिवशी बदलू नका. महिनाभर आधी बदला आणि सगळं सामान लादून ताम्हिणी घाट चढून-उतरून बघा. जादा क्लच केबल हवीच, ती बसवताही यायला हवी. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला धाप लागते, तशी माणसालाही. डोकं ठणकून मळमळू लागलं, तर तिथेच थांबा. त्रास वाढला, तर खाली उतरा.