शिकारीच्या मागे शिकारी



‘हंट’ हा २०२२ सालचा दक्षिण कोरियाचा चित्रपट. ‘स्क्विड गेम’मुळे घराघरांत पोचलेला नट ली जंग-जे याचं हे पहिलंच दिग्दर्शन. प्रमुख भूमिकेतही तोच.

काळ १९८३ च्या आसपासचा. राष्ट्राध्यक्षाचं नाव चित्रपट घेत नाही, पण तो जनरल चुन डू-ह्वान हे कोरियात शाळकरी पोरही सांगेल. गुप्तचर संस्थेत उत्तर कोरियाचा हस्तक शिरलाय, टोपणनाव डोंगलिम. परदेश विभागाचा प्रमुख पार्क आणि देशांतर्गत विभागाचा प्रमुख किम, दोघांनाही वरून गुपचूप हुकूम येतो, समोरच्याचा विभाग खणून काढा. मग काय, रोज जिन्यात भेटणारे सहकारी एकमेकांची माणसं उचलू लागतात. आधी माणूस ठरतो, मग मारझोड करून कबुली काढली जाते, पुरावा सवडीनं. चौकशीच्या खोल्यांमधले हे प्रसंग बघवत नाहीत, आणि चित्रपटाचं खरं बळ तिथेच आहे. बंदुका मात्र फार वाजतात. निम्म्या वगळल्या असत्या तरी चाललं असतं.

किम लष्करातून आलेला. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात सैन्यानं आपल्याच नागरिकांवर गोळ्या झाडल्या, ते त्यानं पाहिलंय. शिवाय त्याआधीच, ऑक्टोबर १९७९ मध्ये, राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांना गोळी घातली होती ती गुप्तचर संस्थेच्या प्रमुखानंच. तेव्हा हुकूमशहानं घाबरायचं कुणाला, शत्रूला की रखवालदाराला?

चित्रपटात शेवटी राष्ट्राध्यक्षावर हल्ला होतो, त्यालाही खऱ्या घटनेचा आधार आहे. ९ ऑक्टोबर १९८३ रोजी रंगूनच्या हुतात्मा स्मारकात उत्तर कोरियाच्या हस्तकांनी बॉम्ब उडवला. मंत्र्यांसह एकवीस जण गेले. चुन यांची गाडी काही मिनिटं उशिरा निघाली म्हणून ते वाचले. चित्रपटानं ही घटना बँकॉकला नेली आहे.

डोंगलिम कोण, ते मी सांगणार नाही. पण ते कळलं म्हणून उठून जाऊ नका. राष्ट्राध्यक्षाला मारायचं की वाचवायचं, यावरून पार्क आणि किम यांच्यात खरी झुंज त्यानंतरच जुंपते.