तेच नाव, दुसरी नौका



नागपुरापासून समुद्र कोणत्याही दिशेने शेकडो मैल दूर. तेव्हा नाग नदीकाठच्या माणसांनी युद्धनौकांवर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. परंतु आम्हांला बोलायचे आहे ते नावांविषयी, आणि त्या विषयात आपण नागपूरकर परके नाही. येथल्या भोसल्यांच्या गादीवर रघूजी हे नाव तीनदा आले. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत तर घरोघर आहे. मग सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही म्हणून सून त्या पोराला बाळ्या म्हणते, ही गोष्ट निराळी!

आरमाराची रीतही अशीच. पहिली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका ब्रिटिश बांधणीची. १९६१ साली ती आपल्या नौदलात आली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात झुंजली आणि १९९७ मध्ये निवृत्त झाली. दुसरी ‘विक्रांत’ कोचीला बांधली गेली. २ सप्टेंबर २०२२ रोजी ती नौदलात दाखल झाली. आकाराने दुपटीहून मोठी, पण आर ११ हा क्रमांक थोरलीचाच.

थोरलीच्या देहाचे काय झाले? काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. पुढे तिला जतन करण्याचे प्रयत्न फसले आणि २०१४ साली ती भंगारात गेली. तिचे काही पोलाद वितळवून बजाज कंपनीने २०१६ मध्ये मोटारसायकलींत वापरले. सीताबर्डीच्या गर्दीत भोंगा वाजवीत अंगावर येणाऱ्या एखाद्या गाडीत ‘विक्रांत’चा कण असेल. हसावे की रडावे, आम्हांला कळत नाही. नाव जपणे स्वस्त पडते, एवढे मात्र खरे.

‘खुकरी’चे तसे नव्हे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ती बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आणि १९० हून अधिक नौसैनिक तिच्याबरोबर गेले. अशा नौकेचे नाव पुन्हा ठेवावे काय? शकुन पाहणारा माणूस नको म्हणेल. नौदलाने ते ठेवले. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली दुसरी ‘खुकरी’ १९८९ साली कामावर आली. त्या नावाखाली पहिल्या दिवशी उभ्या राहिलेल्या खलाशाच्या मनात काय आले असेल? बत्तीस वर्षे ती सुखरूप फिरली. २०२१ च्या डिसेंबरात निवृत्त झाल्यावर तिला मोडीत काढले नाही. स्मारक म्हणून दीवला नेले. थोरली ज्या पाण्यात विसावली आहे, त्याच पाण्याच्या काठी आता धाकटी उभी आहे.